तारामाशांच्या आजारावर पैसा कशाला घालवायचा?



दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये प्राण्यांच्या वर्गीकरणाचा पाठ आहे. त्यात कंटकचर्मी प्राण्यांचा संघ येतो, तारामाशाचं चित्र येतं. मुलं ‘नलिकापाद’ आणि ‘पुनरुद्भवन’ हे शब्द पाठ करतात, एका गुणाचा प्रश्न सुटतो आणि आपण पुढच्या संघाकडे वळतो. या पाठाला जोडून मी मुलांना तारामाशांच्या एका साथीची गोष्ट सांगते. गोष्ट सांगून झाली की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो, “बाई, तारामासे मेले तर मेले. इथं दवाखान्यात औषधं मिळत नाहीत आणि त्यांच्यावर कशाला एवढा पैसा?”

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. पैसा मोजकाच असतो आणि तो कुठे घालायचा हे कोणाला तरी ठरवावं लागतं. आपण मुलाला “असं बोलू नये, निसर्गावर प्रेम करावं” असं म्हणून गप्प केलं, तर विज्ञानातला एक महत्त्वाचा धडा राहून जातो. संशोधनाला पैसा कसा मिळतो, तो कधी आटतो आणि उत्तर शेवटी कोणत्या पैशातून सापडतं, हे आपण मुलांना सहसा शिकवत नाही. या साथीची गोष्ट त्यासाठी फार उपयोगी आहे.

आधी थोडी ओळख

तारामाशाच्या नावात मासा आहे, पण तो मासा नाही. त्याला पाठीचा कणा नाही, कल्ले नाहीत, पर नाहीत. आपल्याला पाच हातांचा तारामासा माहीत असतो. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे पॅसिफिक महासागरात, याचा एक मोठा भाऊबंद राहतो. सूर्यफुलासारखा दिसतो म्हणून त्याला सूर्यफूल तारामासा म्हणू. शास्त्रीय नाव पिक्नोपोडिया हेलिअँथॉयडिस. त्याला २४ पर्यंत हात असतात आणि तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ १ मीटर भरतो. म्हणजे आपल्या वर्गातल्या बाकावर ठेवला तर दोन्ही बाजूंनी खाली लोंबेल! हजारो नलिकापादांवर तो समुद्राच्या तळाशी भराभर चालतो आणि सी-अर्चिनसारखे काटेरी प्राणी खातो.

२०१३ साली काय झालं?

जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर आजारी तारामासे दिसले. त्याच वर्षी उन्हाळा संपता संपता कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळच्या खाडीत पाणबुड्यांना सूर्यफूल तारामासे मरून पडलेले आढळले. पुढे मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत ही साथ पसरली. २० हून जास्त जातींच्या तारामाशांना तिने गाठलं.

आजाराचं स्वरूप भयंकर होतं. आधी अंगावर पांढरट चट्टे यायचे, हात पिळवटायचे, मग एकेक हात गळून पडायचा आणि काही दिवसांत अख्खा प्राणी विरघळून चिकट लगदा व्हायचा. म्हणूनच याला क्षय होत जाणारा, झिजवणारा आजार म्हणतात.

इथे हुशार मुलं लगेच विचारतात, “पण बाई, तारामाशाचा हात तुटला तर परत येतो ना?” बरोबर आहे. निरोगी तारामाशाला पुनरुद्भवनाने नवा हात येतो. पण या आजारात हात यायला प्राणी जिवंतच राहत नाही. पाठातला नियम खरा असतो, पण कोणत्या परिस्थितीत खरा असतो, हे मुलांना सांगायची ही चांगली संधी आहे.

सूर्यफूल तारामाशांची हानी सर्वांत मोठी झाली. त्यांच्यातले ९० टक्क्यांहून जास्त गेले. ही संख्या सुमारे ५७५ कोटी असावी असा अंदाज आहे. २०२० मध्ये ही जात ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेली. दहा वर्षांपूर्वी जो प्राणी त्या समुद्रात अगदी नेहमीचा होता, तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जवळजवळ दिसेनासा झाला.

तारामासा गेला, पाठोपाठ काय गेलं?

आता “मेले तर मेले” या वाक्याकडे वळू.

वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर १९६३ मध्ये रॉबर्ट पेन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग सुरू केला होता. खडकाच्या एका पट्ट्यावरचे सगळे तारामासे तो उपटून लांब समुद्रात फेकायचा. शेजारचा पट्टा तसाच ठेवायचा. तारामासे कालवांसारख्या शिंपल्यांना खातात. ते खाणारंच कोणी उरलं नाही, तेव्हा शिंपल्यांनी खडक व्यापायला सुरुवात केली आणि बाकीच्यांना जागा उरली नाही. त्या पट्ट्यावर आधी १५ जातींचे जीव होते, त्यांतले ८ राहिले. जुन्या वाड्याच्या दगडी कमानीत मधोमध एक दगड असतो. तो काढला तर बाकीचे दगड शाबूत असूनही कमान कोसळते. पेनने १९६९ मध्ये अशा प्राण्यांना त्या दगडाचंच नाव दिलं. आज ही कल्पना जगभरच्या पर्यावरणाच्या पुस्तकांत आहे.

पेनने एका छोट्या पट्ट्यावर जे केलं, ते या साथीने हजारो किलोमीटरवर केलं. सूर्यफूल तारामासा गेल्यावर उत्तर कॅलिफोर्नियात जांभळे सी-अर्चिन बेसुमार वाढले. त्याच सुमाराला समुद्राचं पाणीही नेहमीपेक्षा बरंच तापलं होतं. केल्प नावाची झाडासारखी उंच समुद्री वनस्पती थंड पाण्यात जोमाने वाढते. तापलेल्या पाण्याने ती आधीच दुबळी झालेली, त्यात खाणाऱ्या सी-अर्चिनची फौज. सुमारे ३५० किलोमीटर किनाऱ्यावरचं ९० टक्क्यांहून जास्त केल्पचं जंगल नाहीसं झालं.

केल्प गेलं म्हणजे माशांच्या पिल्लांचा आसरा गेला. अ‍ॅबलोन नावाचा जाड शिंपल्याचा प्राणी केल्पवरच जगतो, तो उपाशी मरू लागला. हौशी लोक पाण्यात उतरून अ‍ॅबलोन काढायचे आणि त्यावर किनाऱ्यावरच्या गावांचा बराच धंदा चालायचा. वर्षाला अंदाजे ४ कोटी ४० लाख डॉलरची ही उलाढाल २०१८ मध्ये बंद करावी लागली. खानावळी, लॉज, पाणबुड्यांचं सामान विकणारी दुकानं, सगळ्यांना झळ बसली.

म्हणजे मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं. तारामाशाच्या मरणाचा हिशेब शेवटी माणसाच्या वहीत आलाच.

मग पैसा आला कुठून?

साथ सुरू झाली तेव्हा बातम्या आल्या, फोटो आले, लोक हळहळले. अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान अशा अचानक आलेल्या घटनांसाठी झटपट अनुदान देतं. तसं अनुदान या कामाला मिळालं. पण ही मदत छोटी आणि साधारण वर्षभराची असते. आग लागल्यावर पहिली बादली टाकायला ती बरी. पुढचं काय?

सप्टेंबर २०१४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातले खासदार डेनी हेक यांनी अमेरिकेच्या संसदेत एक विधेयक मांडलं. समुद्रातल्या प्राण्यांत साथ आली तर ती आणीबाणी म्हणून जाहीर करता यावी आणि त्यासाठी वेगळा निधी असावा, असा त्याचा आशय होता. त्या विधेयकाचा कायदा झाला नाही.

आणि याच सुमाराला आर्कान्सा राज्यातल्या एका शाळेच्या मुलांनी सुमारे ४०० डॉलर जमवले आणि समुद्री प्राण्यांच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या कॉर्नेल विद्यापीठातल्या ड्रू हार्वेल यांच्याकडे पाठवले. नकाशात आर्कान्सा शोधा. त्याला समुद्रच नाही! आपल्याकडच्या लातूर-यवतमाळच्या मुलांनी समुद्रातल्या प्राण्यासाठी वर्गणी काढावी तसं हे झालं.

मुलांना हे सांगताना मी एक काळजी घेते. “बघा, छोट्या मुलांनी केवढं काम केलं” म्हणून टाळ्या वाजवून थांबत नाही. ४०० डॉलर एका बाजूला आणि ४ कोटी ४० लाख डॉलरचं वर्षाचं नुकसान दुसऱ्या बाजूला, असं फळ्यावर मांडते. मुलांचं मन मोठं होतं, यात शंका नाही. पण साथीवरचं संशोधन शाळकरी मुलांच्या वर्गणीवर चालावं का, हा प्रश्न मोठ्यांना विचारायचा असतो.

चुकलेलं उत्तर म्हणजे वाया गेलेला पैसा का?

२०१४ मध्येच एक उत्तर आलं. कॉर्नेलच्या इयन ह्यूसन यांच्या गटाने एका विषाणूकडे बोट दाखवलं. आजारी तारामाशांत तो जास्त सापडत होता. संग्रहालयात जपून ठेवलेले जुने नमुने तपासले, तर १९४२ सालच्या तारामाशातही तो मिळाला. बातमी सगळीकडे पसरली आणि लोकांना वाटलं, झालं, कोडं सुटलं.

पण तसं नव्हतं. पुढच्या तपासण्यांत तो विषाणू निरोगी तारामाशांतही दिसू लागला आणि बहुतेक जातींत आजाराशी त्याचा मेळ बसेना. स्वतः ह्यूसन यांनीच पुढच्या अभ्यासांतून हे मांडलं. नंतर पाण्यातला प्राणवायू कमी पडतो का, यावरही काम झालं. दरम्यान वर्षं जात होती, बातम्या थांबल्या होत्या.

गणितात उत्तर चुकलं तर आपण लाल रेघ मारतो, आणि विज्ञानही तसंच असतं असं मुलांना वाटतं. इथे मुलांना थांबवून विचारा, २०१४ चं उत्तर टिकलं नाही म्हणून तो पैसा बुडाला का? त्या पैशातून नमुने गोळा झाले, पद्धती बसल्या, एक शक्यता बाजूला झाली. पुढच्या लोकांना तीच वाट पुन्हा चालावी लागली नाही. ज्याने स्वतःचा निष्कर्ष पुन्हा तपासला आणि बदलला, त्यालाच पुढच्या वेळी पैसा नाकारायचा, असं झालं तर खरं बोलायला कोण धजेल?

उत्तर कसं सापडलं?

ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे साथीनंतर १२ वर्षांनी, कारण नक्की झालं. मेलनी प्रेंटिस, अ‍ॅलिसा गेहमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४ वर्षं प्रयोग करून व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जिवाणू शोधला. यात कॅनडातली हाकाय इन्स्टिट्यूट, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ आणि वॉशिंग्टन विद्यापीठ होती. हाकाय इन्स्टिट्यूट टुला फाउंडेशन या खासगी न्यासाच्या पैशावर चालते. नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेनेही या कामाला पैसा दिला. प्रयोगासाठी टाक्या अमेरिकेच्या सरकारी भूशास्त्र खात्याच्या प्रयोगशाळेतल्या होत्या.

प्रयोगाची रीत आठवीच्या मुलालाही समजते. आजारी तारामाशाच्या अंगातला द्रव निरोगी तारामाशाला टोचला, तो आजारी पडला. तोच द्रव तापवून टोचला, काही झालं नाही. अगदी बारीक गाळणीतून गाळून टोचला, तरी काही झालं नाही. आता मुलांनाच विचारा, यावरून काय कळतं? तापवल्यावर मरतं म्हणजे ते काहीतरी सजीवासारखं आहे. आणि त्या गाळणीतून विषाणू सहज पार होतात, जिवाणू अडकतात. म्हणजे संशय जिवाणूवर! मग द्रवातले जिवाणू तपासले, एकाला वेगळं करून वाढवलं, निरोगी तारामाशाला दिलं आणि तोच आजार झाला.

हीच रीत १९ व्या शतकात रॉबर्ट कॉक यांनी घालून दिली. १८८४ साली त्यांनी कोलकात्यात पटकीचा जंतू वेगळा केला. तो जंतूही व्हिब्रिओ कुळातलाच. माणसाच्या आजारासाठी घडवलेली पद्धत तारामाशाला कामी आली. उद्या तारामाशावर शिकलेलं काही माणसाला कामी येईल का, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण ज्ञान असंच इकडून तिकडे जातं, एवढं खरं.

खरा पैसा कुठे मुरला?

या सगळ्या गोष्टीत ज्या कामांची बातमी झाली नाही, ती जरा मोजून बघू.

पॅसिफिक किनाऱ्यावर ठरलेल्या खडकांवर जाऊन दरवर्षी प्राणी मोजणारे लोक होते. हौशी पाणबुडे पोहून आल्यावर काय दिसलं ते लिहून ठेवायचे. मासेमारीच्या पाहणीत जाळ्यात किती तारामासे आले याच्या सरकारी नोंदी होत्या. ही मोजणी साथीच्या आधीपासून चालू नसती, तर ‘९० टक्के गेले’ हे कळलंच नसतं. आधी किती होते तेच माहीत नसेल, तर किती गेले ते कसं सांगणार? १९४२ सालचा तारामासा बरणीत ठेवणाऱ्याला आपण तो कशासाठी ठेवतोय हे माहीत नव्हतं. त्याला विचारलं असतं “उपयोग काय?” तर त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

मला या गोष्टीतून मुलांपर्यंत पोहोचवायचं आहे ते हेच. घाबरून दिलेला पैसा भीती ओसरली की थांबतो. उत्तर सापडतं ते मात्र शांतपणे, वर्षानुवर्षं चालू ठेवलेल्या कामातून. विहीर खणायची ती तहान लागायच्या आधी, ही आपल्याकडची जुनी शहाणपणाची गोष्ट आहे. संशोधनालाही ती तंतोतंत लागू पडते.

आणि उत्तर सापडलं म्हणून काम संपलेलं नाही. जंतू कळल्यामुळे आता चाचणी करता येते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या फ्रायडे हार्बर प्रयोगशाळेत २०१९ पासून सूर्यफूल तारामाशांची पिल्लं वाढवतात. ती समुद्रात सोडण्याआधी निरोगी आहेत का, कुठल्या पाण्यात जंतू जास्त आहे, काही तारामासे आजार सोसून का जगतात, हे आता शोधता येईल. ब्रिटिश कोलंबियातल्या थंड पाण्याच्या अरुंद खाड्यांत काही मोठे तारामासे अजून तग धरून आहेत. त्यांच्यावर लक्ष ठेवायलाही दरवर्षी माणूस, बोट आणि पैसा लागणारच.

वर्गात करून बघा: १०० रुपयांची वाटणी

वेळ: एक तासिका. साहित्य: कागदाच्या चिठ्ठ्या.

५-६ मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला १०० रुपयांच्या कागदी नोटा द्या. पैसे मागणारे पाच जण आहेत:

१. किनाऱ्यावरच्या १० खडकांवर दरवर्षी प्राणी मोजणारा.
२. संशयित विषाणू सहा महिन्यांत तपासून देणारा.
३. संग्रहालयात जुने नमुने सांभाळणारा.
४. टाक्यांत तारामाशांची पिल्लं वाढवणारा.
५. लोकांना माहिती देणारी फिल्म बनवणारा.

पहिली फेरी: साथ नुकतीच आली आहे, वाटणी करा. दुसरी फेरी: तीन वर्षं झाली, बातम्या बंद आहेत, आता हातात फक्त ४० रुपये आहेत. तिसरी फेरी: विषाणूचं उत्तर टिकलं नाही असं कळलं, आता काय बदलाल? प्रत्येक फेरीनंतर गटाने एका वाक्यात कारण लिहायचं.

माझ्या वर्गात पहिल्या फेरीत क्रमांक १ आणि ३ ला बहुतेक गट काहीच देत नाहीत. सगळी गोष्ट संपल्यावर पुन्हा वाटणी करायला सांगितली की त्यांचे हात त्या दोघांकडे वळतात. मात्र एखादा गट अडून बसतो, “आम्ही तरी दवाखान्यालाच देणार.” त्यांना चूक ठरवू नका. त्यांना विचारा, दवाखान्यातली औषधं कोणी शोधली आणि तेव्हा त्या माणसाला पैसा कोणी दिला होता? उत्तर शोधायला त्यांना घरचा अभ्यास द्या.

पालकांसाठी दोन शब्द

घरी मूल खडे, पिसं, किडे गोळा करतं, तारीख घालून वहीत काहीबाही लिहितं. “याचा परीक्षेत काय उपयोग?” असं आपल्या तोंडून सहज निघून जातं. त्याऐवजी एक वही आणि एक पेन्सिल द्या. अंगणात रोज किती चिमण्या आल्या एवढंच वर्षभर लिहू द्या. खर्च वीस रुपये. पुढच्या वर्षी चिमण्या कमी झाल्या तर किती कमी झाल्या, हे सांगता येणारं तुमच्या गल्लीत ते एकटंच मूल असेल.

आपल्या शाळेत हा तास घेतलात तर मुलांनी तिसऱ्या फेरीत काय लिहिलं ते जरूर कळवा. विशेषतः दवाखान्याला पैसे देणाऱ्या गटाने शोधून आणलेलं उत्तर वाचायला मला आवडेल.